उल्काच्या नावावरचा गोल

आमच्या खालच्या मजल्यावर उल्का सबनीस राहते. वय छत्तीस-सदतीस. चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या एका कार्यालयात नोकरी करते, येताना भाजी आणते आणि रविवारी स्केटिंगच्या रिंकवर लहान मुलांना शिकवते. सोबत वडील असतात, विनायकराव. मूळचे मिरजेचे, हवाई दलातून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. एवढं सांगितलं की चारचौघांत तिची ओळख संपते. पुढचं सांगावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा काका. फक्त मला चांगली करू नका."

मी एका संस्थेत उभा जन्म अहवाल लिहिण्यात घालवला, त्याला कुणी लेखन म्हणणार नाही. त्यामुळे जमेल तसं सांगतो.

उल्का भारताकडून आइस हॉकी खेळली आहे. बर्फावर, पायांत पाती लावलेले बूट घालून खेळतात ती. हे चंदीगडमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा सरदारजी खूश होऊन विचारतो, "अच्छा जी, हॉकी! कौन सी पोझिशन?" आणि मग बर्फाचं कळलं की त्याचा उत्साह मावळतो. पंजाबात हॉकी म्हणजे मैदानावरची. दुसरी असते हे लोकांना माहीत नाही, आणि त्या दुसरीत आपल्या मुलींनी एकदा परक्या देशात जाऊन सामना जिंकला होता हे तर मुळीच नाही. त्या आठवड्यात क्रिकेटचं काहीतरी चालू होतं. एका पेपरात आतल्या पानावर बातमी आली, दोघातिघांनी अभिनंदन केलं, संपलं.

उल्का लहानपणी सेक्टर १० च्या रिंकवर चाकांच्या स्केट्सवर शिकली. त्या स्केट्सना पुढं, पंजाखाली, रबराचा ठोकळा असतो. थांबायचं असलं की पंजा टेकवायचा, ठोकळा घासतो आणि माणूस थांबतो. ही सवय तिच्या पायांत सातव्या-आठव्या वर्षापासून मुरलेली. पुढं ती चाकांवरची हॉकी चंदीगडकडून खेळली. देशाचा बर्फावरचा मुलींचा संघ उभा राहत होता तेव्हा मुली कमी पडत होत्या, म्हणून मैदानी भागातल्या चाकांवरच्या काही जणींना लेहच्या शिबिरात बोलावलं. त्यात ही गेली.

तिथं तिला खोलीत जोडीदारीण मिळाली कुन्झेस आंग्मो. लडाखच्या एका लहान गावातली, उल्काहून तीन-चार वर्षांनी धाकटी. गावातलं तळं गोठलं की त्यावर खेळत वाढलेली. पहिल्या दिवशी उल्का बर्फावर उतरली आणि वेग घेऊन थांबायला गेली तशी तोंडावर आपटली. कारण बर्फाच्या बुटाला पुढं ठोकळा नसतो. तिथं थांबायचं तर दोन्ही पाय आडवे वळवून पात्यांनी बर्फ खरवडायचा असतो. कुन्झेसनं तिला ते शिकवलं. रोज, सगळ्या जणी चहाला गेल्यावर, हात धरून. स्वतःचे लोकरी मोजे दिले. रात्री पाणी गोठायचं, तेव्हा दोघी एका रजईत झोपायच्या. ती उल्काला "आचे" म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई.

"मला उभं राहायला ती शिकवत होती," उल्का एकदा म्हणाली, "आणि ताई मला म्हणत होती."

सामना आग्नेय आशियातल्या एका शहरात झाला. मॉलच्या वरच्या मजल्यावर रिंक, बाहेर माणसाचा आमरस होईल असा उकाडा आणि आत बर्फ. यजमान मुली तिथं बारा महिने खेळायच्या. आपल्याकडे जेमतेम दोन महिने तळं गोठतं. आदल्या सामन्यांत आपण दहा-बारा गोलांनी हरलो होतो. त्या दिवशी मात्र काय झालं कुणास ठाऊक, शेवटची काही मिनिटं उरली तरी बरोबरी होती. कुन्झेसकडे चकती होती. या खेळात चेंडू नसतो, जाड रबराची चकती असते. उल्कानं प्रतिस्पर्धी गोलरक्षकासमोर जाऊन उभं राहायचं, म्हणजे तिला पलीकडचं दिसणार नाही, असं ठरलेलं होतं. उल्का वेगात गेली. थांबायची वेळ आली आणि घाईत, घाबरून, तिच्या पायानं लहानपणीचं केलं. पंजा टेकवला.

ती पालथी पडली. त्याच वेळी कुन्झेसनं दुरून फटका मारला. चकती उल्काच्या कमरेला लागली, दिशा बदलली आणि गोलरक्षक एका बाजूला झेपावत असताना दुसऱ्या बाजूनं आत गेली.

"मला कळलंच नाही, काका. माझं नाक बर्फात. सगळ्या किंचाळत होत्या. मला वाटलं मलाच शिव्या घालतायत. मग एकेक जण येऊन अंगावर पडायला लागली."

त्या खेळात नियम असा, की आपल्या संघातल्या ज्या खेळाडूला चकती शेवटची लागली, गोल तिच्या नावावर. मुद्दाम लागो, चुकून लागो. मारणाऱ्या मुलीच्या नावावर फक्त मदत. म्हणून फलकावर उल्काचा नंबर झळकला. कुन्झेस तेव्हा हसत होती. तिनं उल्काच्या कमरेवर चापट मारली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हा आचेच्या ढुंगणाचा गोल!" तोवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते चंदीगडला आल्यावर. पेपरवाल्याचा फोन आला.

"विजयी गोल आपका था?"

"जी."

"कैसे मारा?"

उल्का थोडी थांबली आणि म्हणाली, "पास से."

जवळून. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याच वर्षी तिची आई गेली होती आणि विनायकरावांनी घरात बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. बातमी आली त्या दिवशी ते कात्रण घेऊन वर आमच्याकडे आले आणि अर्धा तास बोलले. माझी पत्नी वसुधा नंतर म्हणाली, "चला, माणसाला वाचा फुटली." मग ते दूधवाल्याला सांगू लागले, बागेत सांगू लागले. दर वेळी गोल थोडा मोठा व्हायचा. आधी ती समोर उभी होती. मग दोघींना चुकवून गेली. मग एकटी घुसली. उल्का ऐकायची आणि आत निघून जायची. पुढं स्पोर्ट्स कोट्यातून जागा निघाली, विजयी गोलाची नोंद कामी आली, नोकरी लागली.

आणि कुन्झेसचा फोन यायला लागला. पहिला उल्कानं घेतला नाही. तिला वाटलं, ही विचारणार, आचे, पेपरात काय सांगितलंस? दुसराही घेतला नाही, कारण पहिला घेतला नव्हता. नंतर फोन यायचे थांबले. याला आठ-नऊ वर्षं झाली.

हे सगळं मला कधी कळलं? यंदा, गणपतीच्या आधी.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त देव यांच्या डोक्यात आलं की उत्सवात आपल्यातल्याच एका खेळाडूचा सत्कार करावा. ते मिठाईचा डबा घेऊन सबनीसांकडे आले. मीही योगायोगानं खाली होतो.

"उल्काताई, रविवारी सकाळची आरती झाली की तुमचा सत्कार. नाही म्हणायचं नाही."

"नाही," उल्का म्हणाली.

"हा विनय झाला!"

"विनय नाही हो देवकाका, खरंच नको."

"ती येईल," विनायकराव म्हणाले. "मी आणतो तिला. तिच्या आईला किती आनंद झाला असता."

दुसऱ्याच दिवशी विनायकरावांच्या मोबाइलवर लेहहून फोन आला. शिबिराच्या वेळी घरचा म्हणून दिलेला नंबर कुन्झेसनं जपून ठेवला होता. तिच्या आईचा खुबा निकामी झाला होता, इथल्या मोठ्या रुग्णालयात दाखवायचं होतं. चंदीगडमध्ये ओळखीचं कुणी नाही, दोन-तीन दिवस सोय होईल का, असं तिनं फार संकोचानं विचारलं.

"दोन-तीन दिवस? महिनाभर राहा!" विनायकराव म्हणाले. "आणि रविवारी आमच्या उल्काचा सत्कार आहे, तोही बघायला मिळेल तुला!"

त्या संध्याकाळी उल्का वर आली. वसुधा अळूवड्यांसाठी पानं पुसत होती. इथं अरबी के पत्ते म्हणून मिळतात ती. उल्का जमिनीवर बसली, पानं पुसायला लागली आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "ती माझ्या घरी येणार, काका. माझ्या तोंडाकडे बघणार. मला ती परत हवीय हो. पण कुठल्या तोंडानं?"

मी म्हणालो, "विमानतळावर माझी गाडी घेऊन जाऊ." एवढंच.

विमानतळावर जाताना उल्का शेजारी बसून ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. "ती ओरडली तर बरं होईल," मधेच म्हणाली. कुन्झेस आईची चाकांची खुर्ची ढकलत बाहेर आली. बुटकी, रुंद खांद्यांची, उन्हानं गाल रापलेले. तिनं हात जोडले. "जुले, आचे." हसली. मग माझ्या पाया पडायला वाकली आणि आईची पिशवी, आईची शाल, आईची काठी यांत गुंतून गेली. ओरडली नाही. रस्ताभर माझ्याशी बोलली. इथं केवढा दमट उकाडा, या सरळ रस्त्यांवर माणूस हरवत कसा नाही. उल्काशी बोलताना तिच्या बोलण्यात आदर होता. आप, जी, धन्यवाद. एका रजईत झोपलेल्या मुलीकडून तो आदर ऐकणं किती कठीण असेल ते मला आरशात उल्काच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी विनायकरावांनी चहाच्या आधीच भिंतीवरचा फोटो काढून आणला. बर्फावर सगळ्या मुली दाटीवाटीनं उभ्या आहेत, असा.

"तू तिथंच होतीस ना? बघितलंस ना, कशी एकटी घुसली ही?"

हे अर्थात हिंदीत. उल्का स्वयंपाकघरात होती. भांड्यातली पळी वाजायची थांबली.

कुन्झेसनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. "जी अंकल," ती म्हणाली, "मैं वहीं थी."

तेवढंच. आणि फोटो पुसून परत दिला. मला तर वाटलं जमीन दुभंगावी; माझा काही संबंध नसताना.

रविवार आला. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद झाला. कुन्झेस आणि तिची आई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. म्हातारी मोदक फार मन लावून खात होती. देवांनी बक्षिसावरचं कापड काढलं आणि आत चांदीच्या मुलाम्याची हॉकी स्टिक निघाली. मैदानी हॉकीची, खाली गोल वळलेली, शेजारी चेंडूही. सेक्टर १७ मधल्या दुकानात हॉकीचं द्या म्हटल्यावर त्यांनी हेच दिलं असणार. कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुन्झेसच्या आलं. ती खाली मान घालून हसू दाबत होती, आणि उल्काही हसू दाबत होती, आणि क्षणभर दोघींची नजर मिळाली. मी ते बघितलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर?

पण देव माइकवर गेले. "हिमालयाच्या थंडीत तावून सुलाखून निघालेली आपली उल्का! शत्रूच्या पाच जणींना चकवत, विजेसारखी..." विनायकराव डोळे पुसत होते. उल्काच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. आभाराचे दोन शब्द बोला म्हणाले.

उल्का म्हणाली, "तो गोल माझा नव्हता."

लोकांना विनय वाटला. टाळ्या पडल्या.

"टाळ्या नका वाजवू. मी पडले होते. पाय चुकला आणि पडले. गोल त्या मुलीनं मारला," आणि तिनं पुढच्या रांगेकडे बोट केलं, "चकती माझ्या अंगाला लागून आत गेली, म्हणून माझं नाव आलं. मी कधी कुणाला सांगितलं नाही. कुन्झेस, वर ये."

कुन्झेसला मराठी येत नाही. पण आपलं नाव, आपल्याकडे केलेलं बोट आणि आपल्याकडे वळलेली शंभर डोकी समजायला भाषा लागत नाही. ती उभी राहिली नाही. उल्कानं हिंदीत पुन्हा सांगितलं. कुन्झेसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईनं विचारलं, काय झालं?

मग देवांनी प्रसंग सावरला, म्हणजे आणखी बिघडवला. "वाह! दोन्ही वीरकन्यांचा सत्कार!" पण दुसरी शाल नव्हती. ढोलपथकाच्या शिक्षकांसाठी आणलेली शाल आणि नारळ उचलले गेले. ते शिक्षक अर्धे उठले होते, परत बसले. देव खाली आले, कुन्झेसच्या खांद्यावर शाल टाकली, कुणीतरी तिचा दंड धरून तिला उभं केलं, फोटो काढला. मागं एक गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, "म्हणजे नक्की कोणी मारला? आणि मग नोकरी कुणाला?" एवढ्या मोठ्यानं, की विनायकरावांना ऐकू गेलं.

परत निघालो. विनायकराव देवांच्या गाडीनं येणार होते. म्हातारी पुढं माझ्याशेजारी, मुली मागं. एका सिग्नलला थांबलो तेव्हा कुन्झेस बोलली. आता आप, जी काही नव्हतं.

"तुला हलकं व्हायचं होतं, म्हणून मला उभं केलंस?"

"मी खरं सांगितलं, कुन्झेस."

"कुणाला? त्यांना? ते लोक कोण आहेत माझे? मला विचारलंस? रात्रभर शेजारच्या खोलीत होते मी."

"मला तोंड नव्हतं."

"तिथं होतं, माइकवर?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी गाडी काढली, तीही झटका देऊन.

"गोल मी मारलाय हे मला माहीत आहे," कुन्झेस म्हणाली. "संघातल्या सगळ्या जणींना माहीत आहे. आमच्या गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. वाईट वाटलं होतं मला, नाही म्हणणार नाही. पेपरातलं कुणीतरी पाठवलं तेव्हा रडले पण. पण एक रात्र. तू काय समजलीस, मी गोल परत मागायला फोन करत होते?"

उल्का ओढणीचं टोक गुंडाळायला लागली.

"माझं लग्न होतं, आचे. तुला बोलवायला फोन करत होते. अमा-लेनं तुझ्यासाठी गोंचा शिवला होता, आपला लांब झगा, तसला. सगळ्यांना सांगितलं होतं, माझी चंदीगडची बहीण येणार. सगळे विचारत होते, कुठंय?"

मी आरशात बघायचं टाळलं. शेजारी तिची अमा-ले, म्हणजे म्हातारी, खिडकीबाहेरची झाडं बघत बसली होती.

घरी आल्यावर कुन्झेसनं बॅग भरली. रुग्णालयाजवळच्या सराईत खोली मिळते, आईला रोजचं जाणं सोपं पडेल, असं तिनं विनायकरावांना नीट सांगितलं. त्यांचा मान ठेवला. विनायकराव दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढायला हात वर केला.

"राहू द्या अंकल," ती म्हणाली. "त्यात मी पण आहे."

उल्कानं तिला अडवलं नाही. बॅग उचलायला गेली तर कुन्झेसनं ती दुसऱ्या हातात घेतली. मी मायलेकींना सराईत सोडून आलो.

संध्याकाळी खालून आवाज आले, म्हणून मी जिन्यात थांबलो. ऐकू नये हे कळतं, तरी थांबलो.

"मला एकदा तरी थांबवायचंस, उल्का. आता दूधवाल्याला काय सांगू?"

"बाबा, तुम्ही बोलायला लागला होता. आई गेल्यापासून पहिल्यांदा."

"म्हणून खोटं बोलू दिलंस?"

"हो."

पुढं काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी विनायकराव बागेत आले नाहीत. त्यानंतर आले, पण वेगळ्या बाकावर बसले.

उल्कानं रजा टाकली. तिनं ठरवून काही केलं असं मला वाटत नाही. पहाटे उठून रुग्णालयात जायची आणि बाह्यरुग्ण विभागाच्या कार्डाच्या रांगेत उभी राहायची. तिथं उशीर झाला तर दिवस फुकट जातो. पहिल्या दिवशी कुन्झेस आईला घेऊन पोचली तेव्हा उल्का खिडकीपासून चार माणसांवर होती. कुन्झेसनं बघितलं आणि तिच्या मागं उभी राहिली. मागचे लोक ओरडले, "ओ मॅडम, लाइन में आओ!" उल्का म्हणाली, "साथ में हैं." कुन्झेसनं ते खोडून काढलं नाही. हे मला उल्कानंच सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात आशा येऊ नये म्हणून ती केवढी जपत होती!

चार-पाच दिवस असंच चाललं. एक्स-रेची रांग, रक्ताची रांग. दोघी बोलायच्या त्या कामापुरत्या. कागद कुठंय, पाणी आहे का, नंबर आला. दुपारी उल्का डबा न्यायची. म्हातारी खायची, कुन्झेस कधी खायची, कधी नाही. एकदा उल्कानं माफी मागायला सुरुवात केली तर कुन्झेस म्हणाली, "नको. इथं पण लोक आहेत." त्यानंतर उल्कानं तो विषय काढला नाही. माझ्या मते या सगळ्यात तिचं सर्वांत अवघड काम तेच असावं, परत माफी न मागणं.

डॉक्टरांनी औषधं दिली, वजन उतरवायला सांगितलं आणि शस्त्रक्रियेसाठी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. जायचा दिवस आला. उल्कानं फोन करून विचारलं, सोडायला येऊ का? कुन्झेस म्हणाली, "तू नको. काकांना पाठव, अमा-लेला त्यांची गाडी सोयीची पडते."

म्हणून मी एकटा गेलो. उल्कानं निघताना माझ्या हातात काही दिलं नाही, निरोप दिला नाही. फाटकाशी उभी राहिली.

विमानतळापर्यंत कुन्झेस मला तिच्या गावातल्या मुलींबद्दल सांगत होती. हिवाळ्यात ती त्यांना तळ्यावर शिकवते. मी हूं हूं करत होतो. माझा स्वभाव मुळात भिडस्त, दुसऱ्याच्या भानगडीत मी कधी तोंड घालत नाही. पण खुर्ची उतरवून झाली, म्हातारी बसली, आता त्या आत जाणार, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बेटा, तीन महिन्यांनी याल तेव्हा उतराल कुठं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कुणासाठी विचारतोय हे तिला कळलं होतं. तिनं आईच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली, एकदा, मग पुन्हा.

"देखेंगे," ती म्हणाली. आणि खुर्ची ढकलत आत गेली.

मी परत आलो तेव्हा उल्का फाटकाशीच होती. आत जाऊन परत आली असेल, पण मला ती तिथून हललीच नसावी असं वाटलं. मी काच खाली केली.

"काही म्हणाली?"

"मी विचारलं, पुढच्या वेळी कुठं उतरणार."

"तुम्ही विचारलंत?" तिला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. मग हळूच, "काय म्हणाली?"

आणखी काही जोडून सांगावं असं फार मनात आलं. ती हसली होती, ती वळून बघत होती, असं काहीतरी. पण या घरात जोडून सांगितलेलं पुरे झालं होतं.

"देखेंगे म्हणाली."

उल्कानं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. "'नाही' तर नाही म्हणाली," ती स्वतःशीच बोलली, आणि तिचा चेहरा शरमेनं लाल झाला, जणू एवढंही तिच्या वाट्याला यायला नको होतं. मग आत गेली. थोड्या वेळानं वरून बघितलं तर कुन्झेस उतरली होती त्या मागच्या खोलीतली गादी तिनं उन्हात घातली होती आणि काठीनं झोडपत होती.